न मारलेला ठसा

धुकं हळूहळू वर उचललं गेलं आणि खोऱ्याचा देखावा उघडा झाला. मागे कमरेपर्यंत बर्फ ल्यालेला डोंगर, पुढे उत्तर इटलीतली ओल्यो नदी आणि नदीकडे पाठ करून बसलेला सिन्योरा ओर्सोलाबाईंचा फोर्जिंगचा कारखाना. पुलावरून प्रवेश केला तो बोर्तोलो सान्द्रिनीने. डोक्यावर लोकरी टोपी, गळ्याभोवती बायकोने दोनदा गुंडाळलेला मफलर आणि चाल अशी, की प्रत्येक पाऊल टाकण्याआधी जमिनीला विचारून घ्यावं. जवळजवळ तीन आठवडे छातीतल्या तापाने अंथरुणात काढून माणूस कामावर परत येत होता. एकोणीसशे त्र्याऐंशी साल, नाताळला चार दिवस उरलेले.

"मास्तर आले!" भट्टीजवळून कुणीतरी ओरडलं. "अहो, आम्ही तर तुमच्या खुर्चीची बोली लावली होती!"

"कितीवर गेली?"

"कुणी घेईना. तिच्यावर बसायचं म्हणजे तोंड वाकडं करून बसावं लागतं म्हणे."

बोर्तोलो हसला, खोकला, पुन्हा हसला. एकसष्ट वर्षांचा हा माणूस चौदाव्या वर्षी या दारातून आत आला होता. त्याचा बाप याच नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या घणाखाली कुदळी आणि फावडी घडवायचा. पोराच्या वेळेपर्यंत घण गेला, प्रेस आली आणि फावड्यांच्या जागी वीजघरांचं काम सुरू झालं. टर्बाइनचे शाफ्ट, जनरेटरची कडी, मांडीएवढे जाड बोल्ट. लालभडक ठोकळा प्रेसखाली दाबला जायचा तेव्हा अख्खी शेड एकदा श्वास घ्यायची. त्या आवाजाने बोर्तोलोचा डावा कान कधीच कामातून गेला होता. बायको अग्नेसे म्हणायची, "भांडायचं असलं की मी डावीकडे बसते, म्हणून आमचा संसार टिकला."

तो स्वतः काही घडवत नसे. तो पोलादाला नाव द्यायचा.

पोलादाला चेहरा नसतो. भट्टीतून निघालेले दोन शाफ्ट शेजारी ठेवले तर त्यांच्या आईलाही ओळखू यायचे नाहीत. म्हणून प्रत्येकावर नंबर. शाफ्टच्या टोकाला वीतभर जास्तीचं पोलाद ठेवायचं, ते कापून प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे त्याला ओढून, तोडून, गोठवून पाहतात. तुकडा पास झाला की शाफ्ट पास. पण तुकडा त्याच शाफ्टचा, हे कशावरून? तर करवत लावण्याआधी बोर्तोलोने कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर ठोकायचा आणि मग बरोबर रेषेवर आपल्या पंचाने, म्हणजे ठशाच्या पोलादी खिळ्याने, एक बारीक घंटेची खूण उमटवायची. करवत त्या घंटेचे दोन भाग करायची. अर्धी शाफ्टवर, अर्धी तुकड्यावर. दोन्ही जुळवले की घंटा पुरी. ठशाआधी कापलं गेलं, तर शाफ्ट कितीही उत्तम असो, तो निनावी झाला. निनावी म्हणजे भंगार. त्यावर अपील नाही.

तो पंच बोटभर लांब होता. सुतळीने बांधून बोर्तोलो तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा. लग्नाच्या दिवशीही तो खिशात होता. वर्षातून एकच दिवस तो त्याच्यापासून दूर व्हायचा. एक डिसेंबर, लोहारांच्या संत एलिजिओचा दिवस. त्या दिवशी खोऱ्यात एकही भट्टी पेटत नाही. आदल्या संध्याकाळी प्रत्येक जण आपलं एक हत्यार चर्चमध्ये नेऊन संताच्या पायाशी टोपलीत ठेवतो आणि सणाची प्रार्थना संपेपर्यंत ते तिथेच राहतं. हत्यारांपाशी पाळीपाळीने एक जण बसतो. यंदा पाळी होती एर्मेतेची.

एर्मेते म्हणजे प्रेसवरचा मुकादम, अग्नेसेचा धाकटा भाऊ. धिप्पाड, बडबड्या, दुसऱ्याच्या लग्नात सगळ्यात जास्त रडणारा. चर्चच्या गार फरशीवर गुडघे टेकून बोर्तोलो आजारी पडला, तेव्हा पंच घरी आणून देणारा तोच. सोबत पिशवीभर संत्री. "बोर्तोल, झोपून राहा. कारखाना काही नदीत वाहून जात नाही."

तर आज बोर्तोलो शेडमध्ये शिरला आणि त्याला फाटकाशी ट्रक दिसला. ट्रकवर सिंहासारखा पसरलेला एक शाफ्ट, साखळदंडांनी बांधलेला. वरच्या वीजघराचा सिल्वेस्त्रो तो न्यायला आला होता. गोल पोटाचा, गाल लाल झालेला माणूस, हातात पोलेंटाची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, ताटली.

"या मास्तर! तुमच्या शाफ्टपेक्षा तुमच्या कँटीनचा पोलेंटा जड. ट्रकवर कुठलं चढवू?"

"पोलेंटा बांधून ने. शाफ्ट तुटला तर खाली लावायला होईल."

"तुटला तर मला काय कळणार! माझं टेबल यंत्रापासून चार हातांवर. पहिला मीच जाईन, हातात कॉफीचा कप घेऊन." सिल्वेस्त्रो खदखदून हसला. "माझ्यासोबत पाळीला अजून तिघं. त्यातल्या एकाचं पोरगं गेल्या आठवड्यात जन्मलं."

बोर्तोलो सवयीने शाफ्टच्या टोकाशी गेला. कोणी आपल्या पोराच्या केसांवरून हात फिरवावा तसा त्याचा अंगठा नंबरावरून फिरला आणि थांबला.

तिथे घंटा होती. अख्खी.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अख्खी घंटा, काठापासून दोन बोटं आत, नीट उभी. एखाद्याच्या हाती त्याचंच मृत्युपत्र पडावं, सही हुबेहूब त्याची, आणि त्याने ते कधी लिहिलेलंच नसावं, तसं त्याला झालं. हा शाफ्ट त्याने ठोकलाच नव्हता. तीस नोव्हेंबरला दुपारी दोन शाफ्ट करवतीजवळ गार होत पडले होते. एर्मेतेला तो बजावून गेला होता, "सणानंतर येऊन ठोकतो, तोवर करवत लावू नका." मग चर्च, मग ताप. पंच टोपलीत होता. संताच्या पायाशी.

तो चालत प्रयोगशाळेत गेला. फळीवर तपासणीनंतर उरलेले दोन तुकडे होते. दोन्हींवर अख्खी घंटा. एकाच्या कागदावर 'पास', दुसऱ्याच्या कागदावर 'नापास, ठिसूळ'.

बोर्तोलोने दोन्ही तुकडे उचलले. तो प्रेसकडे निघाला.

एर्मेते प्रेसमागे हात पुसत उभा होता. त्याने बोर्तोलोच्या हातातले दोन तुकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पाटी पुसावी तसा पुसला गेला.

"कुणी?" बोर्तोलोने विचारलं.

"बोर्तोल, तू आत्ताच बरा झालायस, बस जरा..."

"कुणी, एर्मेते?"

"पोरांना घाई होती रे! अंघोळी करायच्या, चर्चला जायचं. करवतीवाल्याला वाटलं, तू ठोकून गेलास. मी पोहोचलो तर दोन्ही टोकं कापलेली, एकाच परातीत. अकरा-अकरा टनांचा माल, बोर्तोल! माझ्या पाळीत! मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीयत."

"मग?"

"मग सणाच्या दुपारी चर्चमध्ये मी एकटाच होतो. टोपलीत तुझा पंच." तो खाली बघू लागला. "रेषेवर मारायला रेषाच नव्हती. काठावर पंच घसरत होता. म्हणून नंबर ठोकून घंटा आत मारली."

"संताच्या पायाशी ठेवलेला पंच उचललास."

"परत ठेवला ना! मेणबत्तीसुद्धा लावली!"

बोर्तोलोला हे ऐकून हसू यावं की रडू, कळेना. सत्तेचाळीस वर्षांत त्याच्या मनाला हा विचार कधी शिवलाच नव्हता, की कुणी ते हत्यार उचलेल. चोराचीही तिथे हिंमत झाली नसती. उचललं ते घरच्या माणसाने.

"एकच सांग," तो अगदी हळू म्हणाला. "कुठला तुकडा कुठल्या शाफ्टचा, तुला ठाऊक होतं?"

प्रेस बंद होती. बाहेर ट्रकवाला इंजिन तापवत होता.

"अंदाजाने," एर्मेते शेवटी म्हणाला. "उजवीकडचा उजवीकडचा असेल, असं..."

बोर्तोलोने दोन्ही तुकडे मशीनवर ठेवले. म्हणजे ट्रकवर चढलेला चांगला असेल, किंवा ठिसूळ तोच असेल. वरून कडकपणा मोजून कातडीचं कळतं, पोटातलं नाही. आणि परत कापायला जास्तीचं पोलाद उरलेलं नव्हतं, शाफ्ट मापावर कातून झाला होता.

"बोर्तोल," एर्मेतेने त्याचा हात धरला. "नव्व्याण्णव टक्के बरोबर आहे. तू गप्प राहिलास तर या जगात कुणाला कळणार नाही. अग्नेसेची शपथ."

"तिला मध्ये आणू नकोस."

त्याने हात सोडवला आणि धावला. तीन आठवडे आजारी माणूस, बंडीची बटणं उघडी, मफलर मागे लोंबकळतोय. ट्रक फाटकातून अर्धा बाहेर गेला होता. तो समोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. ब्रेक करकचले.

"मरायचंय का, मास्तर?" सिल्वेस्त्रो खिडकीतून ओरडला.

"खाली उतरव. शाफ्ट जात नाही."

आवाज ऐकून सिन्योरा ओर्सोलाबाई खांद्यावर शाल घेऊन ऑफिसमधून बाहेर आल्या. नवऱ्यामागे नऊ वर्षं कारखाना एकटीने चालवलेली बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना शाल घट्ट करत गेल्या. ऐकणाऱ्यांत भट्टीवाले होते, करवतीवाला होता आणि त्याने तोंडावर हात धरला होता.

"म्हणजे सान्द्रिनी," बाई म्हणाल्या, "दोन्ही गेले?"

"दोन्ही, सिन्योरा. आज दुपारी मधोमध कापा. म्हणजे कुणाला पुन्हा मोह व्हायला नको."

"आणि ठसा कुणी मारला?"

बोर्तोलोची मान एर्मेतेकडे वळली नाही.

"पंच माझा. तो माझ्या खिशात नव्हता, हा दोष माझा."

"मी विचारलं, मारला कुणी?"

"मी," मागून आवाज आला. एर्मेते टोपी हातात घेऊन पुढे आला. इतका धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी आपल्या अंगाचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. "मी मारला, सिन्योरा. चर्चमधून पंच उचलून."

कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. बाई म्हणाल्या, "संध्याकाळी ऑफिसात ये. आत्ता ट्रक रिकामा करा," आणि आत गेल्या. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं नंतर सगळेच म्हणाले.

क्रेनने शाफ्ट उचलला. रिकाम्या ट्रकशी सिल्वेस्त्रो एकटाच उभा होता, ताटली अजून हातात, पोलेंटा गार झालेला. त्याच्या गालांवर आता लाली उरली नव्हती. तो शाफ्टकडे बघत होता, मग बोर्तोलोकडे, मग परत शाफ्टकडे.

"मास्तर," तो म्हणाला, "हा वाईट आहे का?"

बोर्तोलोने बंडीची बटणं लावली.

"वर सगळे वाट बघतायत. यंत्र उघडून ठेवलंय. नाताळाआधी सुरू करायचं होतं. मी त्यांना काय सांगू?"

आयुष्यभर हा माणूस एकच गोष्ट सांगत आला होता. हा चांगला, हा वाईट, हा अमुक, हा तमुक. लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून चार हातांवर कॉफी पीत बसले होते. त्याने मफलर गळ्याभोवती ओढला, सिल्वेस्त्रोच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला,

"सांग, बोर्तोलोला माहीत नाही."