उरलेल्या एकाचं काय करायचं?

वर्ग बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुनी मंडळी भेटलो की समोरचा चहा गार होतो. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा त्याचं शेपूट धरून येतो!

आमचा वर्ग उस्मानपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत भरायचा, दर रविवारी सकाळी. तेव्हा चिकलठाण्याला कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. हेल्परला मशीनवर जायचं तर टेस्ट द्यावी लागे, आणि जो तो दशांशाच्या भागाकारात अडकायचा. म्हणून पागे सरांनी हा वर्ग काढला. सर हायस्कुलातून रिटायर झालेले, आवाज मात्र अजून ड्यूटीवर! मी त्यांच्या हाताखाली शिकवायची.

*

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर सातला दोनने भागलं. तीन आले, एक उरला.

"आता वर दशांश चिन्ह द्यायचं आणि ह्या एकापुढे शून्य घ्यायचं."

मागून प्रश्न आला, "सर, हे शून्य आनलं कुठून?"

सर खूश! "समजा, भाकऱ्या सात, खाणारे दोघं. तीन-तीन खाल्ल्या. उरलेल्या एकीचं काय करायचं?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "कुत्र्याला घालायची!"

सरांनी खडू खाली ठेवला. तेव्हा पुढच्या बाकावरची सुशीला म्हणाली, "आधी तिचे धा तुकडे करा की. मग पाच-पाच!" ती रेडिओचे पार्ट जोडायच्या कारखान्यात होती आणि तिला तिथं तपासणीच्या टेबलावर जायचं होतं. शून्य कुठून येतं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

*

खोलीला खिडक्या चार. कोणीतरी पडद्यांसाठी चार पूर्णांक दोन दशांश मीटर कापड दिलं. पागे सरांनी घाईघाईत चारने भागलं, चिठ्ठीवर 'प्रत्येकी दीड मीटर' लिहिलं आणि छावणीच्या बाजारातल्या शिंप्याकडे कापड पाठवून दिलं.

दोन पडदे जमिनीवर लोळायला लागले, तिसरा उरलेल्या कापडात कसाबसा झाला आणि चौथी खिडकी उघडीच राहिली! दोनात चार जात नाही तेव्हा वर शून्य द्यायचं, ते सर विसरले होते. एक पूर्णांक शून्य पाच हवं होतं.

सरांनी ती खिडकी मुद्दाम तशीच ठेवली. कोणी शून्य गाळलं की फक्त तिकडे बोट दाखवायचे.

*

आता बिरू. शेंद्र्याकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. कारखान्यात हेल्पर होता आणि लोखंड कातायच्या लेथ मशीनवर जायचा त्याला ध्यास लागला होता. "बाई, आमच्या घरात मशीन चालवनारा मी पैला असंन," म्हणायचा.

एकदा मी त्याला फळ्यावर दहाला तीनने भागायला सांगितलं. तीन आले, चिन्ह दिलं, पुन्हा तीन, पुन्हा तीन. फळा संपला. गडी भिंतीवर लिहायला लागला!

"अरे थांब! हे संपणारं नाही."

"थांबू कसं? एक मागं राहिलंय की, बाई!"

मग म्हणाला, "सांजच्याला मेंढरं मोजून आत घ्यायची. एक जरी मागं राहिलं तरी माझा बाप जेवत नाय."

मी त्याच्या हातून खडू घेतला. भिंत मात्र मला पुसावी लागली.

*

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा संचारबंदी. सुशीला प्रत्येक मोर्चात पुढे. एका रविवारी पागे सरांना हवालदारानं वाटेत अडवलं.

"थैले में क्या है, चचा?"

"भागाकार!"

त्यानं पिशवी उपडी केली. खडू, डस्टर आणि तपासलेले पेपर. पेपर बघता बघता त्याचा आवाज खाली आला. "आमच्या पोरीला हेच येत नाय हो, सर."

पुढच्या रविवारी तो पोरीला घेऊन युनिफॉर्मसकट वर्गात हजर! त्याच आठवड्यातल्या मोर्चात हा सुशीलेसमोर लाठी धरून उभा होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं. सुशीला बाकावर सरकली.

"बस गं, पोरी. तुमी पन बसा, काका. इथं कोनी कुनाला धरत नाय!"

काकांनी टोपी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांत मोठ्यानं पाढे म्हटले.

*

बिरू पहिल्या टेस्टमध्ये नापास झाला. 'दोन दशांश स्थळांपर्यंत' असं छापलेलं असूनही पठ्ठ्यानं पहिल्याच गणितात सगळा वेळ घालवला! आता एकच, शेवटची संधी उरली होती. मी चिडले, सरांनी समजावलं. तो मान खाली घालून एकच म्हणे, "एक मागं टाकून पुढं जाववत नाय."

शेवटी सुशीला त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"बिरूभाऊ, आमचा मोर्चा काय एका दिसात पोचतो व्हय? सांजच्याला आमी पन घरी जातो, जेवतो. पन सोडून देत नाय. उद्या येतो म्हनून सांगून जातो."

बिरूनं मान वर केली. मग पुस्तक घेऊन उठला.

टेस्टनंतरच्या रविवारी त्याच्या कारखान्याचे फोरमन स्वतः वर्गात आले, हातात बिरूचा पेपर. बिरू दाराशी उभा होता, त्याला आत यायचा धीर होईना.

"पास आहे," फोरमन म्हणाले. "सोमवारपासून लेथवर. सगळी गणितं केलीत, प्रत्येक उत्तर दोन स्थळांपर्यंत, बरोबर. पण सर, एक सांगा. प्रत्येक गणितात जी बाकी उरली, तिच्याखाली ह्यानं 'उद्या येतो' असं का लिहिलंय?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. सुशीला उघड्या खिडकीतून बाहेर बघत होती.

पागे सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लिहिलंय ना? मग येईल की तो!"