ऑलिंपिकला गेलेली माझी आक्का

फोन आला तेव्हा मी कोरेगावच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. पलीकडून भाची म्हणाली, "मावशी, आई गेली…" आजार वर्षभर मुक्कामाला होता, तरी वाटायचं, आक्का एवढ्यात हार मानायची नाही.

माझी थोरली बहीण सुमन पलूसजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकली. आमचे वडील, आण्णा, फौजेतून सुट्टीवर आले की तिच्या कमरेला दोर बांधून तिला पाण्यात सोडायचे. पुढं सांगलीच्या तलावावर सराव सुरू झाला. पहाटेची एसटी, मग ओल्या केसांनीच शाळा. एकदा चुलते ओसरीवर येऊन म्हणाले, "आवं दादा, पोरीनं असल्या कपड्यात पवायचं, शोभतंय व्हय?" आण्णा हसले. "लुगडं नेसून शर्यत कोण जिकलंय रं?"

ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी पोहणं सोडायला सांगितलं. तिनं ते सोडलं नाही. कित्येक महिने फळी धरून नुसते पाय मारले, मग हात फिरवायला नव्यानं शिकली, आणि निवड मिळवलीच. फ्रीस्टाइलच्या पहिल्याच फेरीत ती शेवटची आली. टीव्हीसमोर आईनं डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी आक्काचा फोन आला, "आई, आजच्याइतकी जोरात मी कवाच पवले नव्हते. रडायचं न्हाई."

गावात सत्कार झाला, तसे टोमणेही मिळाले. तिनं दोन्ही ऐकून घेतले. मग एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. छपरांवर अडकलेल्या बायका पाहून ती म्हणाली, "नदीकाठी जन्म काढायचा आन् पाण्याला भ्यायचं? किती दिवस?" पूर ओसरल्यावर तिनं तालुक्याच्या तलावावर बायकांसाठी रविवारचा वर्ग काढला. पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. दुसऱ्या रविवारी आमचे तेच चुलते सुनेला घेऊन आले. "सुमे, हिला बी शिकीव. पुरात लय हाल झालं हिचं." मग हळूहळू वर्ग भरला. शेवटच्या वर्षी औषधांनी केस गेले, तरी आक्का डोक्याला रुमाल बांधून काठावर उभी राहून ओरडायची, "पाय मारा, पाय!"

आता वर्ग भाची घेते. तेराव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिनं फाटक उघडलं. चुलत्यांची सून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. मागच्या आठवड्यात मीही कोरेगावहून एसटी धरून गेले. छातीभर पाण्यात कठडा घट्ट धरून उभी होते. भाची समोर आली, पण तिनं हात पुढं केला नाही.

"मावशी, सोडा आता."

मी कठडा सोडला.