स्वयंपाकघरातलं ताट

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सुनीतालासुद्धा नाही — माझ्या बायकोला. खरं तर तिलाच सांगायला हवी होती.

कॅनडात, ग्वेल्फमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ राहायचे. तरुणपणी मॉन्ट्रियलच्या क्लबांत, हॉटेलांत गायचे. पुढे इथल्या लहानशा चर्चचे पास्टर झाले. आम्ही त्यांना पास्टरकाका म्हणायचो. आमच्या पहिल्या हिवाळ्यात, आम्ही उठायच्या आत ते आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून ठेवायचे. चहाला आले की जुनं सांगायचे. ज्या हॉटेलात टाळ्या मिळायच्या, तिथल्या हॉलमध्ये बसून जेवायची त्यांना मुभा नव्हती. ताट स्वयंपाकघरात. "तिथलं जेवण जास्त गरम असायचं," असं म्हणून हसायचे. आम्हीही हसायचो.

एका वर्षी त्यांनी सुनीताकडून गणपतीची आरती शिकून घेतली. 'ळ' काही केल्या जमेना, पण सोडलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी ती म्हणायची असं ठरलं. ऐन वेळी आई आजारी पडली म्हणून सुनीताला नागपूरला जावं लागलं.

कार्यक्रमाच्या वेळा जुळवायचं काम माझं — आकड्यांचा माणूस ना मी. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, "हे पाद्री? आरती म्हणणार?" दोघेतिघे हसले. एवढंच. नको असं कुणीही म्हटलं नाही. यादीतून त्यांचं नाव मी काढून टाकलं — मी. कशाला घाबरलो? घाबरण्यासारखं होतं तरी काय?

आणि त्यांना कळवलंही नाही. ते इस्त्रीच्या सुटात आले, मागच्या रांगेत बसले. कार्यक्रम लांबलाय, वेळ उरला नाही, असं मी त्यांना सांगितलं. लांबला नव्हता. दहा मिनिटं रिकामी होती. ती आम्ही स्पीकरवर गाणी लावून भरली.

मग महाप्रसाद. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारू नये म्हणून मी त्यांना हॉलमागच्या किचनमध्ये नेलं, स्टुलावर बसवलं, मसालेभात वाढला. आपण काय करतोय — हे मला त्यांनी वर पाहिलं तेव्हा कळलं.

"गरम आहे," ते म्हणाले. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला. "अहो, गायले का पास्टरकाका?"

"गायले," मी म्हणालो. "छान गायले."

ती परत आल्यावर त्यांचं कौतुक करायला गेली. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शिकवणारी चांगली होती, एवढंच तिला म्हणाले. त्यानंतर ते चहाला आले नाहीत. वय झालं आता, असं सुनीता म्हणायची. मी दुजोरा द्यायचो.

ते गेले तेव्हा त्यांच्या चर्चमध्ये सुनीता उभी राहिली आणि ते आमच्या गणपतीत कसे गायले ते तिने सांगितलं. लोक रडले. मी मान डोलावली.

यंदाही आरतीआधी ती नव्या आलेल्या विद्यार्थ्यांना तेच सांगत होती. मी ताटं मांडत होतो.