नथ घातलेली मासळी
१९५७, माघातला एक रविवार. चिखलीजवळ इंद्रायणीच्या काठी हजर तिघे: थोरला भाऊ, खेडकडून पाहुणे म्हणून आलेले बहिणीचे यजमान आणि मी. आज हिंगाची डबी उघडली आणि तो दिवस आठवला, कारण गळाला लावायच्या कणकेत भाऊ हिंग मळायचा. दाजींना आपल्या नदीचा मासा खाऊ घालतोच, असं तो बोलून बसला होता आणि घरी वहिनीने मसाला वाटून ठेवला होता. दुपार कलली तरी गळ हलेना. "राव, आमच्या भीमेवर एव्हाना जेवून झोपलो असतो," दाजी म्हणाले. तेवढ्यात काठी वाकली आणि हातभर लांब, मोठ्या खवल्यांची मासळी वर आली. तिच्या ओठात पितळी तारेची नथ होती. देहूच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही, नवस फेडायला त्यांना नथ घालतात. "देहूची हाय, कुणाच्या तरी नवसाची," भाऊ हळूच म्हणाला. "न्हाई न्यायची." "इथवर यायचं नसतं, हे हिला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" म्हणत दाजींनीच गळ अलगद काढला आणि गुडघाभर पाण्यात उतरून तिला सोडलं. जिवंत मासळीला कोण धरतं, कोण टोचतं, यावर आम्ही घरापर्यंत बोलत आलो. पिठलं वाढताना वहिनीने एवढंच विचारलं, "नथ कुठल्या बाजूला हुती?" भाऊ म्हणाला डावीकडे, दाजी म्हणाले उजवीकडे, मला नुसती चमक आठवत होती. "तिघं गेला हुता न्हवं?" ती म्हणाली. देहूच्या घाटावर जाऊन बघून यायचं तेव्हाच ठरलं. ते काम अजून राहिलंय.