पंचवटीतला काजू

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. मुलांनी हत्तीला सहा पाय काढले तरी आता मी काही म्हणत नाही. पूर्वी म्हणायचे. फार म्हणायचे. या सवयीचा सगळ्यांत मोठा प्रताप पेडणे तालुक्यातल्या एका देवळाच्या भिंतीवर आहे, आणि तो मी माझ्या सख्ख्या मामांच्या चित्रावर केला.

मामा पार्से गावचे. देवळांच्या भिंतींवर कावीचं काम करणाऱ्यांतले ते शेवटचेच म्हणायचे. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ मुरवून गिलावा करायचा, त्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असेतो टोकदार सळीने खरवडत जायचं. खरवडलं की खालचा पांढरा चुना दिसतो, आणि त्या पांढऱ्या रेघांतून राम, सीता, वानर सगळे उभे राहतात. खोडायला सवड नाही. पुराणं मामांना तोंडपाठ, पण पोथीतून नव्हेत. कीर्तनं, जत्रेतली दशावतारी नाटकं आणि घरातल्या बायकांच्या ओव्या ऐकून. त्यामुळे त्यांचा दशरथ पेडण्याच्या एखाद्या भाटकार जमीनदारासारखा आरामखुर्चीत पाय सोडून बसतो, आणि त्यांची वानरसेना डोक्यावर चुंबळ ठेवून सेतूचे दगड वाहते.

पेडण्यातल्या त्या देवळात मामांनी काढलेलं पंचवटीचं एक चित्र होतं. झोपडी, दारात सीता, तिच्यासमोर मान उंचावलेलं सोन्याचं हरण, आणि हरणाच्या डोक्यावर बोंडूंनी लगडलेलं काजूचं झाड.

दहाएक वर्षांमागे त्या भिंतीला ओल लागली आणि गिलावा सुटू लागला. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून परसात जायचे. देवळाच्या कमिटीला त्यांनी सांगितलं, "माझी भाची आसा. तिका बोलवा. मी तिका शिकयलंय." खरंच, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत सळी धरायला मी त्यांच्याकडेच शिकले होते. त्या एका वाक्याने मी आठवडाभर हवेत होते.

सगळं जसंच्या तसं केलं. फक्त काजूपाशी हात अडला. काजू पोर्तुगिजांनी तारवातून आणला, हे माझ्या पाचवीच्या मुलांनाही माहीत. त्रेतायुगात काजू? उद्या कोणी शिकलेला माणूस येईल आणि मामांना हसेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तो मला हसेल, ही भीती होती. झाडाचा निम्मा भाग गळलेलाच होता. उरलेला मी खरवडून काढला, नवा गिलावा दिला आणि तिथे वड काढला. पंचवटी म्हणजे पाच वड, तेव्हा शास्त्राला धरून. पारंब्या तर फारच छान आल्या. मामांना सांगितलं नाही. ते संध्याकाळी विचारत, "आज खंयसर इलंस?" मी म्हणे, "हरण झालं." "झाड?" "झालं." एक झाड झालंच होतं, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

या वर्षी शिमगा आटोपल्यावर मामा आपणहून ऑपरेशनला तयार झाले. आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. मामीने फोनवर कौतुकाने सांगितलं, "आताच कित्याक म्हणान विचारलंय, तर म्हणतत, मरच्याआदी माझी भिंत बघूची आसा. भाचयेन कशी केली ती." मी फोन मामांकडे द्यायला सांगितलं. मी म्हटलं, मामा, आधी मोरजीला जाऊ, समुद्र बघा, कासवं बघा. "कासवां माका खंय विचारतत," ते म्हणाले.

रविवारी सकाळी गाडीतून नेलं. वाटेत दिसेल ती पाटी ते मोठ्याने वाचत होते, वाचता येतं म्हणून. माझा हात धरून मला रेघ शिकवणारा हा माणूस; त्याने आज माझ्याकडे पाठ फिरवली तर माझ्यापाशी काय उरतं, एवढंच डोक्यात होतं.

भटजींनी मामांसाठी बसायला कदेल आणून ठेवलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच सीतेपासून बघायला सुरुवात केली. मग झोपडी, मग हरण, मग वर. तिथे थांबले. कमिटीचे दोघे आले होते. त्यांतला एक म्हणाला, "भाचीन नाव राखलां तुमचां, न्हय?"

"राखलां," मामा म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन होईना.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघंच बसलो तेव्हा मी सांगून टाकलं. "मामा, काजू मी काढून टाकला."

"दिसलां गो. डोळे नवे आसत."

"त्या काळात इकडे काजू नव्हता. पोर्तुगिजांच्या तारवातून आला तो."

"आणि सोन्याचां हरण?" ते म्हणाले. "तां खंयच्या तारवातसून इलां?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू. तेही हसले. मग चष्मा पुसत सावकाश सांगू लागले. मूळ चित्राचं काम चाललं होतं एप्रिलात. देवळासमोरच्या बागायतीत काजू पिकलेला, गुरं दिवसभर झाडांखाली. त्यांतली एक तांबडी पाडी रोज मान वर करून बोंडूकडे बघत उभी राही. तिच्यावरून त्यांनी हरण काढलं. "सीता त्या हरणाक कित्याक भुलली? सोनां बघून? जनकाच्या घरात सोनां कमी होतां? तां हरण तिका भुकेलां दिसलां. म्हणान तिचां मन गेलां." मग देवळाकडे मान वळवून म्हणाले, "आता तां पारंब्यांक बघता. खातलां काय?"

पोथ्या मी वाचल्या होत्या, त्यांनी नाही. आणि सीतेच्या मनात काय आलं असेल हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"मी परत काढते," मी म्हटलं. "तुमचा काजू, होता तसाच."

"माझो नको. माझो गेलो." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. "तुझां काढ. जेच्याखाली तू बसलंस, जां झाड तुका खरां म्हायती आसा, तां काढ. हरणाक बघूक कायतरी दी."

हो म्हटलं. त्यांना घरी सोडलं, मामीने केलेला चहा घेतला, त्यात उंडो पाव बुडवून खाल्ला, आणि डिचोलीला परतताना झाड शोधत राहिले. फळ्यावर आजवर किती झाडं काढली असतील, त्याला गणती नाही. आठवायला गेले तर सगळी पुस्तकातली. कुठल्या फांदीला आधी फळ धरतं, पिकलं की खाली कोण येऊन उभं राहतं, हे मला एकाही झाडाचं सांगता येईना. मी गाडी कडेला घेतली. त्या भिंतीवर काढायला माझ्याजवळ काहीच नाही, हे मला तिथे बसून कळलं.