चार्ज दिल्याशिवाय

आठवणी लिहायच्या तर माणसाने आधी थोडंफार जगलेलं असावं, असं मला वाटतं. मी अजून कॉलेजात आहे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठली गोष्ट लिहिण्याजोगी आणि कुठली नुसती बोलण्याजोगी, हे विचारायला घरात कोणी नाही. तेव्हा हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा. पण चाकणजवळच्या एका शाळेत मी जे पाहिलं, ते मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता मित्र मला लांबून बघूनच म्हणतात, "झालं, आला टॅबवाला." लिहून टाकलं तर त्यांची तरी सुटका होईल.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. आम्हाला एका विषयासाठी कॉलेजबाहेर कुठेतरी जाऊन काम करावं लागतं. कुणी बँकेत गेलं, कुणी दवाखान्यात. माझ्या वाट्याला जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शाळा आली. तिथे एका कंपनीने टॅब दिले होते आणि ते वर्गात कसे वापरायचे, यासाठी एका शिक्षिकेला मदत करायची होती. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "शाळेतून बाहेर काढून कॉलेजात घातलं, तर तू परत शाळेतच निघालास?" वडील भोसरीला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये मशीनवर आहेत. ते नुकतेच शिफ्ट करून आले होते, जेवता जेवता म्हणाले, "जाऊ दे गं. निदान पोरं तरी त्याला सर म्हणतील."

घरून, म्हणजे दिघीहून, भोसरी आणि तिथून चाकणची बस. शाळेच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला कंपनीची लांबलचक भिंत. दुपारी कंपनीचा भोंगा झाला की मुलं मान वर न करता सांगायची, "फर्स्ट शिफ्ट सुटली." अर्ध्याहून जास्त मुलांचे वडील त्या भागातल्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत. काही गावातलीच, काही लातूर-बीडकडून आलेली. आम्हीही तिकडचेच, म्हणून त्यांचं बोलणं ऐकून मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं.

बाईंकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत होते. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. डावीकडे तिसरीचं, उजवीकडे चौथीचं. बाई चौथीला भागाकार शिकवत तेव्हा तिसरीने आपल्या अर्ध्या फळ्यावरचं उतरवून काढायचं, आणि ते झालं की पुन्हा तेच उतरवायचं. ती रेघ मला ओळखीची होती. गावाकडे असताना माझी तिसरी अशाच खोलीत गेली होती. गुरुजी चांगले होते, पण ते एकटे होते. अर्धं वर्ष मी ते माझ्याकडे वळण्याची वाट बघत बसलो होतो, असंच म्हणावं लागेल.

बाईंनी टॅब मागून घेतले होते ते याचसाठी. त्या चौथीकडे असताना तिसरीच्या हातात काहीतरी असावं, आणि तिसरीकडे असताना चौथीच्या. पण टॅब मिळाले होते फक्त एका वर्गाला पुरतील इतके, आणि तेही सत्रापुरते. कंपनीने सांगितलं होतं की वापर नीट झाला तर राहतील, नाहीतर दुसऱ्या शाळेला जातील. बाई मला म्हणाल्या, "परत गेले ना, तर ही पोरं परत अर्ध्या फळ्याकडे बघत बसणार. आणि मागितले मी, वापरता मलाच येत नाहीत. लाज जाईल रे."

मुलांसमोर त्या मला सर म्हणायच्या, मुलं नसली की अरे.

सुरुवातीलाच त्यांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यांच्यासोबत एका दिवसासाठी मीही गेलो होतो. तालुक्याच्या हॉलमध्ये खूप शिक्षक, पुढे पडदा, आणि माझ्याहून थोडासाच मोठा एक मुलगा शिकवायला. त्याने पडद्यावर बाणांचं एक गोल चित्र दाखवलं आणि म्हणाला, "हे रोटेशन. एक गट टॅबवर, एक गट शिक्षकांकडे, मग अदलाबदल." बाईंनी हात वर केला. "अदलाबदल कशी करायची?" तो म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे. स्वॅप करायचं." बाई खाली बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "याने कधी तिसरीच्या पोराच्या हातातून काही काढून घेतलेलं दिसत नाही."

आम्ही शाळा सुटल्यावर सराव करायचो. बाई काचेला बोट लावायच्या ते तापलेल्या तव्याला लावावं तसं. टॅबला कळायचंच नाही की कुणी हात लावलाय. "दाबा बाई, फुटत नाही." "फुटला तर तुझ्या कॉलेजला सांगेन." पण त्या शिकल्या. आठवड्याभरात एक दिवस त्यांनी स्वतः आवाज लहान-मोठा केला, धडा उघडला, बंद केला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच टाळ्या वाजवल्या. मला घरी जाईपर्यंत दम निघत नव्हता. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं काय त्यात?" आता काय सांगणार!

अडत होतं ते अदलाबदलीपाशी. तिसरीने टॅब सोडायचे आणि चौथीने घ्यायचे, यात रोज रडारड. सोडताना मुलं सगळं बंद करून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला काही दिसू नये. घेणारा तीच गणितं पहिल्यापासून सुरू करायचा. कुठल्या टॅबचा आवाज येत नाही, कुठला मध्येच अडकतो, हे प्रत्येकाला नव्याने कळायचं, आणि मग "सर, सर, सर" म्हणत माझ्यामागे रांग.

एक दिवस बाई घाईत होत्या. तिसरीत दोन वेण्या घालणारी एक मुलगी होती. तिचे वडील लातूरकडून आलेले, चाकणला एका कंपनीत मशीनवर. तिच्या टॅबची बॅटरी संपत आली होती. बाईंनी फळ्यावरून मान वळवून सांगितलं, "अगं, चौथीला द्यायचाय ना तो? आधी चार्ज दे!"

बाईंना म्हणायचं होतं, चार्जिंगला लाव.

ती मुलगी उठली. टॅब दोन्ही हातांत धरून चौथीच्या रांगेत गेली आणि एका मुलासमोर ताठ उभी राहिली. तो गावातलाच, तिच्यापेक्षा डोकंभर उंच. तिने सुरू केलं, "ऐक. आवाज कमी यायलाय. तिसऱ्या गणिताला उत्तर बरोबर लिवलं तरी लाल दाखवायलाय. आधी शून्य लिवायचं, मग हिरवं होतंय. पाचवं मला आलं न्हाई. बॅटरी संपत आलीय."

तो म्हणाला, "मला कशाला सांगती? मी चौथीत हाय. तू मला शिकवनार व्हय?"

"तू रिलीव्हर हाईस. चार्ज घे गुमान."

"आन् न्हाई घेतला तर?"

"तर मी मशीन सोडत नसते. माझे पप्पा पण सोडत न्हाईत."

सगळा वर्ग हसला. बाई खडू हातात धरून बघत राहिल्या. आणि मला एकदम उलगडा झाला, कारण माझे वडीलही घरी आल्यावर कधी उशिराचं कारण सांगतात तर हेच: "रिलीव्हर आला नव्हता, चार्ज कुणाला देणार?" पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि मशीनचं काय चाललंय ते त्याला सांगितल्याशिवाय निघायचं नाही. बाईंना मी ते कानात सांगितलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "थांब. तिला पुरं करू दे."

त्या मुलाने शेवटी तोंड वाकडं करून म्हटलं, "बरं बाई, घेतला." आणि टॅब उघडून आधी शून्य लिहिलं. हिरवं झालं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तोच नियम केला. चार्ज दिल्याशिवाय टॅब द्यायचा नाही, आणि समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. आधी खराबी सांगायची, मग आपल्याला काय आलं नाही ते, आणि चांगलं शेवटी. हा क्रम त्या दोन वेण्यांच्या मुलीनेच घरून विचारून आणला होता. तेवढा वेळ टॅब बंद ठेवायचा, म्हणजे लक्ष बोलण्याकडे राहील. खोलीत नुसता कलकलाट! पण मी जवळ जाऊन ऐकायचो तर तिसरीतलं पोर चौथीतल्याला सांगत असायचं की त्याला कुठे अडलं, आणि चौथीतला ऐटीत म्हणायचा, "एवढं येत न्हाई? हे बघ." दोन मिनिटांत तो ते शिकवून मोकळा. जे काम बाई एकट्या दिवसभर करू शकत नव्हत्या, ते त्या अदलाबदलीत होत होतं. माझ्यामागची रांग संपली. मला थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्थात गोंधळही झाले. एक मुलगा जेवायच्या सुट्टीतही टॅब धरून बसला, कारण त्याचा रिलीव्हर गैरहजर होता. एकाने वेळ संपल्यावर ओव्हरटाइम मागितला. बाई म्हणाल्या, "मिळेल. सतराचा पाढा म्हण." त्याने ओव्हरटाइम परत केला.

सत्र संपत आलं तशी कंपनीकडून एक मॅडम आल्या, सोबत केंद्रप्रमुख. मॅडमनी लॅपटॉपवर आमच्या टॅबच्या वापराची नोंद उघडली. प्रत्येक टॅब किती वेळ चालू होता त्याची रेघ होती. ती रेघ रोज ठरलेल्या वेळी खाली जायची आणि थोड्या वेळाने वर यायची. मॅडमनी विचारलं, "हा गॅप कसला? इतर शाळांत असा दिसत नाही. एवढा वेळ टॅब वापरातच नाहीत."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या वेळात मुलं बोलतात."

"बोलतात म्हणजे?" केंद्रप्रमुखांनी विचारलं. "टॅब बाजूला ठेवून गप्पा?"

मी सांगायला तोंड उघडलं. रोटेशन म्हणू की काय म्हणू? तेवढ्यात ती दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "मॅडम, शिफ्ट बदलताना मशीन बंद ठेवत्यात. तवा चार्ज देत्यात."

मॅडम तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दे बरं. मला दे चार्ज."

तिने दिला. आवाज, अडलेलं गणित, न आलेला प्रश्न, सगळं. मॅडम ऐकत होत्या. संपल्यावर मुलगी हातातला टॅब सोडेना. मॅडम ओढतायत, ती धरून.

"घेतला म्हणा की," मागून चौथीतला तो उंच मुलगा ओरडला.

मॅडम म्हणाल्या, "घेतला." आणि लॅपटॉप बंद केला. हसल्या की नाही, ते मला नीट दिसलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "वर कळवते. निर्णय माझा एकटीचा नसतो."

माझं काम तिथे संपलं. कॉलेज पुन्हा सुरू झालं. मी बाईंना अधूनमधून विचारायचो, "काही कळलं का?" त्या लिहायच्या, "अजून नाही." पुढे दिवाळीची सुट्टी गेली. बाईंकडून रोज सकाळी फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ यायचं, त्यापलीकडे काही नाही. फोन वाजला की मी घाईने उघडायचो, आणि फुलंच निघायची. टॅब सुट्टीआधी कपाटात ठेवले होते, आणि कपाटातून ते कुठे जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. मला राहून राहून तो अर्धा फळा दिसायचा.

शेवटी मीच जायचं ठरवलं. एका दुपारी भोसरीहून बस धरली. चाकणच्या अलीकडे बस अडकली ती अडकलीच. पुढे नव्या कोऱ्या गाड्या लादलेला लांब ट्रेलर आडवा, हॉर्नचा कल्ला, कंडक्टर खाली उतरून उभा. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबरवरून आवाजाचा एक निरोप आला होता. मी कानाला लावला.

आधी शाळेच्या मुख्याध्यापक गुरुजींचा आवाज, लांबून: "हां, बोल आता. जवळ धर." मग ती दोन वेण्यांची मुलगी.

"सर, चार्ज घ्या. एका टॅबची काच कोपऱ्यातून गेलीय, पण चालतंय. दोन टॅबचा आवाज कमीच हाय. मला अजून भागाकार येईना, पण मी तिसरीतच हाय, म्हणून चालतंय. बाई आज शाळेत न्हाईत."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला. मागे कुणीतरी पोरगं ओरडलं, "चांगलं सांग की आता!" ती म्हणाली, "शेवटी सांगत्यात चांगलं, गप." मग श्वास घेऊन तिने सांगितलं,

"बाई तालुक्याला गेल्यात. समद्या शाळांच्या बाईंना आन् गुरुजींना चार्ज कसा द्यायचा ते शिकवायला. त्या मॅडमचा फोन आलता. टॅब कुठं जाणार न्हाईत, आपल्याच शाळेत ऱ्हाणार. आन् मॅडम म्हणल्या, तेवढा गॅप पण ऱ्हाऊ द्या."