सरकारजमा मान

निजामाच्या राज्यात बिननंबराचं मरण्याची सोय निदान हिंगोलीत तरी नव्हती, कारण तिथल्या सरकारी दवाखान्यात माझे मोठे मामा कारकून होते. हैदराबादहून दुखण्यांची छापील यादी आलेली होती. प्रत्येक दुखण्याला एक नंबर, आणि त्या नंबराखाली रोगी बसवणं हे मामांचं काम. औषध डॉक्टर देत. पण आजार आपण लिहिल्यावरच खरा होतो, अशी मामांची प्रामाणिक समजूत होती. ही शिस्त ते शेरवानीबरोबर खुंटीला टांगून ठेवत नसत. पंगतीत कुणी पोट धरून कण्हू लागलं, की हातातला घास थांबवून विचारत, "अपचन म्हणता की विषबाधा? मोघम बोलू नका." एकदा मयताच्या घरी भेटायला गेले, तर रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात फिरवत हळूच म्हणाले, "आधी ताप आला, का आधी जुलाब?" मामी म्हणायची, "यांना माणूस दिसत न्हाई, रकानाच दिसतो."

बाजारातला हमाल गणबा डोक्यावर हळदीचं पोतं घेऊन घसरला आणि त्याची मान निखळली, तेव्हा मात्र मामा अडकले. यादीत निखळलेला खांदा होता, कोपर होतं, जबडासुद्धा होता. मान होती ती फक्त मेलेल्यांच्या पानावर. गणबा तर जिवंत होता आणि विडी मागत होता. मामांनी हैदराबादला विचारणा पाठवली.

इकडे डॉक्टरांनी गणबाला उताणं निजवून मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि हललास तर जिवाला मुकशील, असं बजावलं. थोड्याच दिवसांत त्याचा मेव्हणा आपल्या भावाला घेऊन, बैलगाडी जुंपून दारात हजर.

"डोंगरकडा गावाला हाडं बसवणारा हाय. एका हिसक्यात मान बराबर करतो."

"आणि हिसका चुकला तर?" डॉक्टर म्हणाले.

"तुमी तरी काय करून राहिले? नुसतं निजवलंय."

डॉक्टर तरुण, त्यांना कोण जुमानतो? दोघा भावांनी गणबाला उचलायला हात घातले. तेव्हा मामा टोपी सारखी करत उठले.

"मानेचा कागद हैदराबादला गेलाय. जवाब येईस्तोवर मान सरकारजमा आहे. बाकीचा गणबा खुशाल न्या."

मेव्हण्याने हात मागे घेतले. "मानेबगर कसा न्यावा, साहेब?"

"ते तुम्ही बघा."

गणबा पडल्या पडल्याच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी. सरकारची हाय तर सरकार खाऊ बी घालील."

मामा हे बनवून बोलले की खरंच तसं मानत होते, हे मला आजवर कळलेलं नाही. सरकारी कागदाच्या धाकाची मी एरवी टिंगल करीत असे. त्या दिवशी तो एका मानेच्या कामी आला. जवाब आलाच नाही. गणबा त्याची वाट पाहत पडून राहिला, आणि तेवढ्यात मान जागच्या जागी सांधली.

ती पुन्हा वळली मात्र नाही. ओझी सोडून गणबा अडतीत तराजूपाशी बसू लागला. मामा रस्त्याने जाताना दिसले, की नुसतं तोंड फिरवणं त्याला जमत नसे. तो उठून उभा राही आणि पायांपासून सगळा त्यांच्याकडे वळे. अंमलदारांपुढे कमरेत वाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण इतक्या पूर्ण अंगाने कोणी कुणाकडे वळल्याचं आठवत नाही. मामा वारल्यावरही तो दवाखान्यावरून जाताना थांबे, तसाच अख्खा वळून खिडकीतल्या त्यांच्या खुर्चीकडे थोडा वेळ पाही, आणि मग आपल्या वाटेला लागे.